कंपनीचा खांदा, सरकारची बंदूक

विनोदवीर जिमी किमेलचा रात्रीचा कार्यक्रम एबीसी या अमेरिकी चॅनेलने १७ सप्टेंबर २०२५ रोजी ‘अनिश्चित काळासाठी’ थांबवला आणि एका रात्रीत अमेरिकेतल्या दोन्ही पक्षांच्या समर्थकांनी आपापले संवाद बदलून घेतले. ‘ट्विटर खासगी कंपनी आहे, ती वाटेल त्याला बाहेर काढेल, अभिव्यक्तिस्वातंत्र्याची हमी देणारी पहिली घटनादुरुस्ती सरकारला लागू होते, कंपनीला नाही’ हे धडे २०२१ मध्ये, ट्रम्प यांचं खातं बंद झालं तेव्हा, ज्यांनी जगाला दिले, ते डेमोक्रॅट आता मुस्कटदाबी झाली म्हणून ओरडू लागले. आणि त्याच २०२१ मध्ये ‘कंपन्या आमचा आवाज दाबतायत’ म्हणून ऊर बडवणारे रिपब्लिकन अगदी थंडपणे सांगू लागले, अहो, एबीसीच्या मालक डिस्नेने धंद्याचा हिशेब केला, कार्यक्रम तसाही कोणी बघत नव्हतं, सरकारचा इथे काय संबंध? आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण आपल्याकडची. तिचा इतका चोख प्रयोग मात्र वॉशिंग्टनमध्येच बघावा.

दुटप्पीपणा दाखवून देणं सोपं असतं, म्हणून चर्चा तिथेच अडकते. तू माझा जुना व्हिडिओ काढ, मी तुझा काढतो. त्यातून करमणूक होते, हाती काही लागत नाही. माझं म्हणणं असं आहे की मुळात प्रश्नच चुकीचा विचारला जातोय. ‘हे सरकारने केलं की कंपनीने?’ असं विचारलं की दोघांनाही सुटायला वाट मिळते. गेल्या दहा वर्षांत अमेरिकेत ज्या प्रकरणांवरून रणं माजली, त्यांतली बरीचशी या दोन्ही कप्प्यांत नीट बसत नाहीत. एखादा अधिकारी सूचक बोलतो, कंपनी ती पडत्या फळाची आज्ञा मानते, आणि नंतर जाब विचारायला जावं तर अधिकारी म्हणतो निर्णय कंपनीचा, कंपनी म्हणते आमच्यावर फार दबाव होता. हा तिसरा प्रकार जुना आहे, दोन्ही पक्षांनी वापरलेला आहे, आणि सगळ्यांत कमी उत्तरदायी आहे. तेव्हा निर्णयाच्या कागदावर सही कोणाची, हे बघून भागत नाही. धमकी कोणाच्या हातात होती आणि ती कोणी, केव्हा, कोणाला दाखवली, ते बघावं लागतं.

समोरच्यांचे भक्कम मुद्दे आधी मान्य करायला हवेत. पहिला मुद्दा असा की सरकारची बंदी आणि कंपनीची बंदी एका तराजूत घालता येत नाही. अगदी बरोबर. १७९८ च्या देशद्रोहविषयक कायद्याखाली व्हरमाँटचे काँग्रेस सदस्य मॅथ्यू लायन यांना चार महिने कोठडीत बसावं लागलं. गुन्हा काय, तर राष्ट्राध्यक्ष जॉन अॅडम्स यांना डामडौलाची हाव आहे असं लिहिलं. त्या कायद्याची कारागिरी बघण्यासारखी आहे. काँग्रेस आणि राष्ट्राध्यक्ष यांच्यावरची बदनामीकारक टीका हा गुन्हा होता, पण उपराष्ट्राध्यक्षाचं नाव त्यात नव्हतं, कारण त्या खुर्चीवर विरोधी गटाचे जेफरसन होते. आणि कायद्याची मुदत संपत होती ३ मार्च १८०१ला, म्हणजे पुढच्या राष्ट्राध्यक्षाच्या शपथविधीच्या आदल्या दिवशी. आपण हरलो तर हे हत्यार आपल्यावर उलटू नये, एवढी दूरदृष्टी! (लायन तुरुंगातूनच पुन्हा निवडून आले.) १९१८ मध्ये समाजवादी नेते यूजीन डेब्ज यांनी ओहायोतल्या कँटनमध्ये युद्धविरोधी भाषण केलं म्हणून त्यांना दहा वर्षांची शिक्षा झाली, सर्वोच्च न्यायालयाने ती एकमताने कायम केली, आणि १९२० च्या निवडणुकीत तुरुंगात बसलेल्या या उमेदवाराला नऊ लाखांहून अधिक मतं पडली. हे सगळं जुनं झालं असं वाटत असेल तर मार्च २०२५ मधलं उदाहरण घ्या. टफ्ट्स विद्यापीठात पीएचडी करणाऱ्या रुमेयसा ओझतुर्क या तुर्की विद्यार्थिनीला मॅसॅच्युसेट्समध्ये भर रस्त्यात साध्या कपड्यांतल्या, तोंडावर मास्क चढवलेल्या अधिकाऱ्यांनी ताब्यात घेतलं आणि थेट लुइझियानातल्या केंद्रात नेऊन ठेवलं. विद्यार्थ्यांच्या वर्तमानपत्रात वर्षभरापूर्वी तिने इतर काही जणांबरोबर लिहिलेला एक लेख हेच त्यामागचं कारण म्हणून पुढे आलं. सुटायला सहा आठवडे लागले. फेसबुकने खातं बंद केल्याने असं कोणाचं होत नाही. ट्विटरने काढलं म्हणजे गुलाग झाला, असं जे बोलत होते त्यांनी शब्दांची किंमत घालवली, यात वाद नाही.

दुसरा मुद्दा याहून बळकट आहे. काय छापायचं, काय दाखवायचं, काय गाळायचं हे ठरवणं हीसुद्धा अभिव्यक्तीच आहे. फ्लोरिडात एक कायदा होता. वर्तमानपत्राने उमेदवारावर टीका केली तर त्याच्या उत्तराला तेवढीच जागा द्यायला हवी. ऐकायला किती न्याय्य वाटतं! सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्ये तो एकमताने रद्द केला, कारण संपादकाच्या खुर्चीवर सरकार बसलं की टीका करण्याऐवजी गप्प बसणं स्वस्त पडतं. जुलै २०२४ मध्ये फ्लोरिडा आणि टेक्सासच्या समाजमाध्यमविषयक कायद्यांच्या प्रकरणात न्यायमूर्ती केगन यांनी हाच धागा पुढे नेला: काय वर दाखवायचं, काय खाली ढकलायचं याची निवड फेसबुक-यूट्यूबने केली तरी तिला संरक्षण आहे. इथे रिपब्लिकनांना त्यांचाच इतिहास आठवून द्यावासा वाटतो. नभोवाणी-दूरचित्रवाणीवर वादग्रस्त विषयाच्या दोन्ही बाजू दाखवण्याची सक्ती करणारा नियम १९४९ पासून होता. तो नको म्हणून वर्षानुवर्षं लढले ते बरेचसे उजवेच, आणि १९८७ मध्ये तो मोडीत काढला रेगन यांच्या काळातल्या केंद्रीय दूरसंचार आयोगाने. तीच मंडळी २०२१ मध्ये टेक्सासात कंपन्यांवर समतोलाची सक्ती करायला निघाली.

तरीही ‘खासगी कंपनी आहे, नसेल पटत तर दुसरीकडे जा’ हे उत्तर मला पुरेसं वाटत नाही. जानेवारी २०२१ मध्ये ट्रम्प यांचं ८ कोटी ८० लाख अनुयायांचं खातं ट्विटरने कायमचं बंद केलं, तेव्हा जर्मनीच्या चॅन्सेलर अँगेला मर्केल यांच्या प्रवक्त्याने आणि रशियातले विरोधी नेते अलेक्सी नवाल्नी यांनीही त्यावर आक्षेप घेतला होता. या दोघांना ट्रम्पभक्त कोणी म्हणणार नाही. ‘दुसरीकडे जा’ म्हणून लोक पार्लर या ट्विटरसारख्या दुसऱ्या समाजमाध्यमावर गेले, तर गूगलने आणि अॅपलने आपापल्या स्टोअरमधून ते अॅप काढलं आणि अॅमेझॉनने सर्व्हर बंद केले, सगळं तीनचार दिवसांत. पार्लरवरची बरीचशी भाषा किळसवाणी होती, हे खरं. पण दुसरीकडे म्हणजे नक्की कुठे? १९४६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे अलाबामातल्या चिकासॉ गावाचं प्रकरण आलं होतं. सगळं गाव एका जहाजबांधणी कंपनीच्या मालकीचं, रस्ते, दुकानं, गटारं, पगारी पोलीससुद्धा तिचेच. जेहोवाज विटनेस पंथाची एक बाई पोस्ट ऑफिसजवळच्या फुटपाथवर पत्रकं वाटत होती, तिला अटक झाली. जागा आमची, असं कंपनीचं म्हणणं. न्यायालयाने ते मानलं नाही. मालक खासगी असला तरी गाव ते गावच, असा त्या निकालाचा भाव. पुढे न्यायालयाने हे तत्त्व फार ताणलं नाही, मॉलला ते लावायला नकार दिला, आणि समाजमाध्यमांना ते जसंच्या तसं लावा असं मीही म्हणणार नाही. पण सेन्सॉरशिप हा शब्द सरकारसाठी राखून ठेवल्याने चिकासॉचा फुटपाथ मोकळा झाला नसता, एवढं नक्की.

ऑक्टोबर २०२० मधलं, जो बायडन यांचे पुत्र हंटर बायडन यांच्या लॅपटॉपचं प्रकरण याच जातीचं. त्यातल्या मजकुरावरच्या ‘न्यूयॉर्क पोस्ट’च्या बातमीची लिंक ट्विटरने कोणालाही टाकू दिली नाही, आणि १८०१ साली निघालेल्या त्या वर्तमानपत्राचं खातं सुमारे दोन आठवडे कुलूपबंद ठेवलं. निर्णय चुकला हे पुढे ट्विटरचे तेव्हाचे प्रमुख जॅक डॉर्सी यांनी कबूल केलं. उजव्या गोटात आता हे ‘बायडन सरकारची सेन्सॉरशिप’ म्हणून सांगितलं जातं. पण त्या महिन्यात सरकार होतं ट्रम्प यांचं! जो बायडन तेव्हा कोणत्याही पदावर नव्हते. म्हणजे ही कंपनीची करणी. मात्र निवडणुकीआधी परकीय हॅकरांनी चोरलेली कागदपत्रं बाहेर येऊ शकतात, असे इशारे एफबीआय त्या काळात कंपन्यांना देत होती, हेही तितकंच खरं. कप्पा उघडायला गेलं की असा दुसऱ्याच कप्प्यात हात जातो.

या तिसऱ्या प्रकाराचा नमुना बघायचा तर १९४७ च्या हॉलिवूडकडे जावं लागतं. ऑक्टोबरमध्ये काँग्रेसच्या समितीने लेखक-दिग्दर्शकांना बोलावून ‘तुम्ही कम्युनिस्ट पक्षाचे सदस्य आहात किंवा होता का’ हा प्रश्न विचारला. दहा जणांनी उत्तर नाकारलं. त्या वेळी निर्मात्यांच्या संघटनेचे अध्यक्ष एरिक जॉन्स्टन बजावून सांगत होते की जिवात जीव आहे तोवर मी काळ्या यादीला हात लावणार नाही. २४ नोव्हेंबरला प्रतिनिधीगृहाने त्या दहा जणांवर सदनाच्या अवमानाचा ठपका ठेवला. आणि न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-अॅस्टोरिया हॉटेलात जमलेल्या स्टुडिओमालकांच्या वतीने याच जॉन्स्टननी दुसऱ्या दिवशी निवेदन केलं: दहांपैकी जे आमच्या नोकरीत आहेत त्यांना मोबदला न देता काढण्यात किंवा निलंबित करण्यात येत आहे, आणि यापुढे माहीत असताना कम्युनिस्टाला कामावर ठेवणार नाही. निवेदनात एक वाक्य असंही होतं की या धोरणाने निरपराध माणसं दुखावली जाण्याचा आणि भीतीचं वातावरण तयार होण्याचा धोका आहे. म्हणजे कळत होतं, सगळं कळत होतं.

बंदीचा सरकारी हुकूम निघाला होता का? नाही. दहा जणांना तुरुंगवास झाला तो सदनाच्या अवमानाबद्दल. त्यांच्यानंतर ज्या शेकडो लोकांची कामं गेली त्यांच्यावर कुठलाच खटला नव्हता. १९५० मध्ये रेडिओ-दूरचित्रवाणीवरच्या १५१ जणांची नावं छापणारी पुस्तिका निघाली, तीही सरकारची नव्हे. एफबीआयतून बाहेर पडलेल्या माणसांच्या एका खासगी कंपनीने ती विकायला काढली होती. सिरॅक्यूजचा एक सुपरमार्केटवाला जाहिरातदार कंपन्यांना कळवायचा की तुम्ही प्रायोजित केलेल्या कार्यक्रमात यादीतलं कोणी दिसलं तर तुमच्या मालाशेजारी मी तशी पाटी लावीन. जाहिरातदार घाबरायचा, चॅनेल घाबरायचं, नटाचा फोन वाजेनासा व्हायचा. त्या दहांपैकी एक, डाल्टन ट्रम्बो, टोपणनावाने पटकथा लिहीत राहिले. १९५७ मध्ये ‘रॉबर्ट रिच’ला ऑस्कर जाहीर झालं आणि ते घ्यायला मंचावर रॉबर्ट रिच आलेच नाहीत, कारण असा पटकथाकारच नव्हता. आता सांगा, हे सरकारने केलं की कंपन्यांनी? ‘खासगी कंपनीला कोणालाही काढण्याचा हक्क आहे’ हे वाक्य तिथे शंभर टक्के लागू पडतं आणि तरी ते किती निरर्थक आहे! २०२१ मध्ये डाव्यांना हा त्यांच्याच घरातला इतिहास आठवायला हवा होता.

कायद्याने या प्रकाराला नाव दिलं १९६३ मध्ये. ऱ्होड आयलंड राज्याने तरुणांच्या नीतिमत्तेसाठी एक आयोग नेमला होता. आयोगाला पुस्तकावर बंदी घालण्याचा अधिकार नव्हता, खटला भरण्याचाही नव्हता. तो फक्त पुस्तकं-मासिकं पुरवणाऱ्या घाऊक विक्रेत्याला पत्र पाठवायचा. अमुक पुस्तक अठरा वर्षांखालच्यांसाठी आक्षेपार्ह आहे असं आमच्या बहुमताचं मत पडलं, आपल्या सहकार्याबद्दल आगाऊ आभार, आणि हो, अश्लीलतेचे खटले भरण्याची शिफारस महाधिवक्त्यांकडे करणं आमचं कर्तव्य आहे, याद्या स्थानिक पोलिसांकडेही जातात. पत्रापाठोपाठ चारदोन दिवसांत दुकानात एक पोलीस यायचा. दमदाटी नाही, काही नाही. त्या पुस्तकाचं काय केलं, एवढीच चौकशी. विक्रेत्याने मुकाट्याने माल मागे घेतला, नव्या ऑर्डरी घेणं बंद केलं, उरलेल्या प्रती प्रकाशकांना परत पाठवल्या. न्यायालयात राज्याचा युक्तिवाद होता की आम्ही केवळ सल्ला दिला, तो न मानायला विक्रेता मोकळा होता. न्यायमूर्ती ब्रेनन यांचं त्यावरचं म्हणणं साधं आहे: पातळ पडद्याआडून धमकी देणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे लोक सहजासहजी दुर्लक्ष करत नसतात. विक्रेता ते पत्र फ्रेम करून भिंतीवर लावेल अशी अपेक्षा आयोगालाही नसणार.

आता कोविडकडे येऊ, कारण खरी अडचण इथे आहे. महासाथीत माणसं मरत असताना लशीबद्दल धादांत खोटं पसरत होतं. सरकारने गप्प बसायचं? सरकारलाही मत असतं, ते मांडायचा अधिकार असतो. बातमी चुकली तर संपादकाला फोन करून भांडणं हे प्रत्येक सरकारी प्रवक्त्याचं रोजचं काम आहे, आणि बायडन सरकारने समाजमाध्यमांवर दबाव आणून पोस्ट काढायला लावल्या, असा मिझुरी व लुइझियाना या राज्यांनी केलेल्या दाव्याच्या सुनावणीत व्हाइट हाउसमध्ये पूर्वी काम केलेल्या न्यायमूर्तींनी हे सहानुभूतीने बोलूनही दाखवलं. शिवाय, सरकारशी बोलणं होण्याआधीपासून कंपन्यांची स्वतःची धोरणं होतीच. २६ जून २०२४ रोजी सहा विरुद्ध तीन मतांनी न्यायालयाने म्हटलं की अमुक पोस्ट अमुक अधिकाऱ्यामुळे गेली हे दावेदारांना दाखवता आलेलं नाही, तेव्हा दावा करण्याचा अधिकारच सिद्ध होत नाही. (या खटल्यात सरकारच्या बाजूने नाव होतं सर्जन जनरल विवेक मूर्ती यांचं आणि तक्रारदारांत होते स्टॅनफर्डचे जय भट्टाचार्य. अमेरिकी घटनेचा एवढा मोठा वाद दोन भारतीय आडनावांमध्ये रंगला, याची आपल्याकडे फारशी कोणी दखल घेतली नाही.)

डेमोक्रॅटांनी या निकालाचा अर्थ ‘आम्ही निर्दोष’ असा लावला. निकाल ते म्हणत नाही. दबाव नव्हता असं न्यायालयाने म्हटलं नाही. तो कोणावर कसा पोहोचला ते या दावेदारांना सिद्ध करता आलं नाही, इतकंच. जुलै २०२१ मध्ये बायडन समाजमाध्यम कंपन्यांबद्दल म्हणाले की ते लोकांना मारतायत. काही दिवसांत त्यांनी ते वाक्य सौम्य केलं, पण त्याच आठवड्यात व्हाइट हाउसने जाहीरपणे सांगितलं की या कंपन्यांना कायदेशीर संरक्षण देणाऱ्या १९९६ च्या कलम २३० चा आम्ही फेरविचार करतोय. कलम २३० गेलं तर फेसबुकचा धंदाच धोक्यात येतो. त्याच महिन्यात फेसबुकमध्ये वरिष्ठांनी विचारलं की विषाणू मानवनिर्मित असल्याचे दावे आपण काढून का टाकत होतो, नुसती पट्टी का लावली नाही? उत्तर गेलं की प्रशासनाचा आणि इतरांचा दबाव होता, आपण ते करायला नको होतं. विषाणूचा उगम हा शास्त्रीय वादाचा विषय होता, आजही आहे. ऱ्होड आयलंडच्या आयोगात आणि यात फरक कोणता? हेतू उदात्त होता, हा? हेतू तर नीतिमत्ता आयोगाचाही उदात्तच होता.

आणि आता किमेल. ट्रम्पसमर्थक उजवे कार्यकर्ते चार्ली कर्क यांची १० सप्टेंबर २०२५ रोजी युटामध्ये हत्या झाली. पाच दिवसांनी किमेलने मारेकऱ्याच्या राजकीय ओढीविषयी जे सूचित केलं ते माझ्या मते बेफिकीर होतं, हातात पुरेशी माहिती नसताना केलेलं. पण १७ तारखेला केंद्रीय दूरसंचार आयोगाचे अध्यक्ष ब्रेंडन कार एका पॉडकास्टवर बोलले ते असं: हे सोप्या मार्गाने होऊ शकतं किंवा अवघड मार्गाने, कंपन्यांनी काहीतरी करावं, नाहीतर आयोगाला आणखी काम करावं लागेल. काही तासांत नेक्सस्टार आणि सिंक्लेअर या स्टेशनमालक कंपन्यांनी कार्यक्रम दाखवणार नसल्याचं कळवलं आणि एबीसीने तो थांबवला. नेक्सस्टारला तेव्हा टेग्ना ही दुसरी कंपनी ६२० कोटी डॉलरला विकत घ्यायची होती आणि त्याला मंजुरी देणार होता हाच आयोग. रिपब्लिकन सिनेटर टेड क्रूझ हे काही डावे नव्हेत. तेही म्हणाले की ही माफियाच्या सिनेमातली भाषा आहे. कार यांचा बचाव काय? की निर्णय कंपन्यांनी घेतला, आम्ही कोणाला आदेश दिला नाही. हे वाक्य आपण कुठे ऐकलं होतं? ‘आदेश नव्हता, म्हणून सेन्सॉरशिप नव्हती’ हा युक्तिवाद डेमोक्रॅटांनी तीन-चार वर्षं घासूनपुसून लख्ख केला होता. कारना तो आयता मिळाला. म्हातारी मेल्याचं दुःख नसतं, काळ सोकावतो, असं म्हणतात ते याला.

यावर हमखास येणारा आक्षेप असा की तुम्ही दोन्ही बाजूंना सारखं तोलताय. तोलत नाही. कार यांचा गुन्हा मोठा आहे. बायडन यांचे अधिकारी कलम २३० बदलायचं म्हणत होते, पण ते बदलायला काँग्रेस लागते; कार यांच्या हातात स्टेशनांचे परवाने थेट होते. तिकडे विषय होता साथीच्या काळातल्या आरोग्यविषयक दाव्यांचा, इकडे सत्ताधाऱ्यांची टिंगल करणाऱ्या विनोदवीराचा. आणि कार्यक्रम थांबल्यावर खुद्द राष्ट्राध्यक्षांनी चॅनेलचं अभिनंदन केलं. १९७२ मध्ये निक्सनही ‘वॉशिंग्टन पोस्ट’च्या दूरचित्रवाणी स्टेशनांच्या परवान्यांचं नूतनीकरण अवघड करण्याची भाषा करत होते, पण बंद दाराआड, ते बाहेर आलं टेपमधून. मात्र एक गोष्ट सहसा कोणी बोलत नाही. किमेल सहा दिवसांत परत आला, आणि तो आला कारण धमकी सगळ्यांनी कानांनी ऐकली होती. कोविडच्या काळातले इमेल उजेडात यायला मात्र खटला भरावा लागला, आणि तोवर ज्या चर्चेचा गळा घोटला गेला तिची वेळ निघून गेली होती. उघड धमकी अधिक निर्लज्ज असते. गुपचूप दिलेली अधिक काळ टिकते. नीतीच्या मोजपट्टीवर पहिली वाईट, परिणामाच्या मोजपट्टीवर मला दुसरीची जास्त भीती वाटते.

आणि तत्त्व पाळणं अशक्य आहे असंही नाही. २०१८ मध्ये पार्कलंडच्या शाळेतल्या गोळीबारानंतर न्यूयॉर्क राज्याच्या वित्त नियामक मारिया वुलो यांनी विमा कंपन्यांना आणि बँकांना बंदूकवाल्यांच्या एनआरए या संघटनेशी संबंध ठेवण्यातल्या ‘प्रतिष्ठेच्या जोखमी’ची आठवण करून दिली. कंपन्यांना अर्थ कळला. एनआरएने दावा केला, आणि सर्वोच्च न्यायालयात तिची बाजू मांडली ती बंदुकांच्या प्रश्नावर तिच्याशी अजिबात न पटणाऱ्या, नागरी स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या एसीएलयू या संघटनेने. ३० मे २०२४ रोजी नऊच्या नऊ न्यायमूर्तींनी एनआरएच्या बाजूने कौल दिला. निकालपत्र लिहिलं उदारमतवादी सोटोमायोर यांनी, आणि आधार घेतला ऱ्होड आयलंडच्या त्या पुस्तकांच्या खटल्याचा. इतका एकमुखी निकाल असूनही चॅनेलांवर त्याची चर्चा जवळजवळ झालीच नाही. स्वाभाविक आहे. त्यात कोणाच्याच बाब्याचं कौतुक नव्हतं.

कंपन्यांना मी बिचाऱ्या समजत नाही. फेसबुकची मालक असलेल्या मेटाने जानेवारी २०२५ मध्ये ट्रम्प यांचं खातं बंद केल्याबद्दलच्या दाव्यात अडीच कोटी डॉलर मोजले, एक्सने (म्हणजे पूर्वीच्या ट्विटरने) सुमारे एक कोटी, यूट्यूबने पुढे सप्टेंबरमध्ये २ कोटी ४५ लाख. ट्विटरविरुद्धचा दावा तर २०२२ मध्येच न्यायालयाने फेटाळला होता. म्हणजे खालच्या कोर्टात जिंकलेल्या दाव्यासाठी पैसे दिले! झकरबर्ग यांनी ऑगस्ट २०२४ मध्ये काँग्रेसला पत्र लिहून सांगितलं की बायडन प्रशासनाचा दबाव चुकीचा होता आणि आपण तेव्हा ठामपणे बोलायला हवं होतं. चांगलं झालं. पण ट्रम्प तेव्हा निवडणुकीच्या रिंगणात होते आणि झकरबर्गना तुरुंगात टाकण्याची भाषा करत होते. जानेवारी २०२५ मध्ये मेटाने अमेरिकेतली तथ्यतपासणी बंद करत असल्याचं जाहीर केलं तेव्हा हा तुमच्या धमक्यांचा परिणाम का, असं पत्रकारांनी ट्रम्पना विचारलं. ते म्हणाले, बहुधा. एका सरकारच्या दबावाखाली केलेली चूक दुसऱ्या संभाव्य सरकारच्या दबावाखाली कबूल करायची, याला पाठीचा कणा म्हणत नाहीत. मस्क तर स्वतःला अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे कट्टर पुरस्कर्ते म्हणवत आले आणि ट्विटर घेतल्यावर दोन महिन्यांच्या आत त्यांनी आपल्या विमानाच्या ठावठिकाण्याचं प्रकरण लावून धरणाऱ्या पत्रकारांची खाती बंद केली.

आपल्याकडून हे सगळं दूरचा तमाशा म्हणून बघायची सोय आता राहिलेली नाही. जून २०२५ पासून अमेरिकेच्या विद्यार्थी व्हिसासाठी अर्ज करणाऱ्यांना समाजमाध्यमांवरची खाती सगळ्यांना दिसतील अशी ठेवावी लागतात. डिसेंबरपासून हाच नियम नोकरीच्या एच-१बी आणि कुटुंबीयांच्या एच-४ व्हिसालाही लागू झाला. ज्या घरातलं मूल मुंबईच्या कॉन्सुलेटच्या तारखेची वाट बघतंय, त्या घराला पुढचं सांगायला नको. जुन्या पोस्ट पुसल्या जातात, लाइक काढले जातात, गाझाबद्दल काही शेअर केलं होतं का ते स्क्रोल करत तपासलं जातं, आई-बाबा ‘कशाला नसत्या भानगडी’ म्हणतात. न्यू जर्सीत, टेक्सासात नोकरी करणारी मराठी मंडळी ग्रीन कार्ड हातात येईपर्यंत राजकारणावर चकार शब्द लिहीत नाहीत. कोणीही त्यांना लिहू नका असं सांगितलेलं नाही. सुंठीवाचून खोकला गेला.

उपाय काय, तर निदान दोन गोष्टी करता येतील. सरकारी अधिकाऱ्याने कोणत्याही प्रकाशकाला, चॅनेलला किंवा समाजमाध्यमाला ‘हे काढा’ म्हणून पाठवलेली प्रत्येक विनंती ठरावीक मुदतीत जाहीर व्हावी. मुलांचं लैंगिक शोषण, थेट हिंसेच्या धमक्या अशा गुन्ह्यांच्या तपासाला उशिराने जाहीर करण्याची मुभा असावी, पण कधीच जाहीर न करण्याची नको. मत मांडायला सरकार मोकळंच राहील. फक्त ते जगासमोर मांडावं लागेल. पत्रासोबत पोलीस पाठवायची सवय त्याने पूर्ण मोडेल असं नाही, पण निदान पोलीस रस्त्यावरून जाताना दिसेल. दुसरी गोष्ट कंपन्यांच्या आकाराची. कंपनी जितकी मोठी आणि तिची पुढची भूक जितकी सरकारी मंजुरीवर अवलंबून, तितकी ती दाबायला सोपी. सीबीएस चॅनेलची मालक असलेल्या पॅरामाउंटने ट्रम्प यांनी केलेल्या दाव्यात एक कोटी साठ लाख डॉलरला तडजोड केली आणि त्याच महिन्यात तिच्या विलीनीकरणाला आयोगाची मंजुरी मिळाली. शेकडो लहान स्टेशनमालकांना एका पॉडकास्टवरून गप्प करणं अवघड. दोन बड्या कंपन्यांच्या बाबतीत ते एका दुपारी जमलं. म्हणून कंपन्यांच्या मुस्कटदाबीवर सरकारी अंकुश हवा म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही, आणि बाजारावर सोडा म्हणणाऱ्यांशीही. एका मालकाला देशातल्या जास्तीत जास्त किती घरांपर्यंत स्टेशनं चालवता येतील, याची ३९ टक्क्यांची मर्यादा काँग्रेसने २००४ पासून घालून दिलेली आहे. नेक्सस्टारला टेग्ना घ्यायची तर ही मर्यादा सैल होणं भाग होतं, आणि ती व्हावी म्हणून कंपनी ज्यांच्याकडे आर्जवं करत होती ते गृहस्थ होते ब्रेंडन कार.